तोटा कोणाचा, सवलत कोणाला?

९ मे २०२५ पासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये करण्यात आले. त्याआधी सातच महिने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, शहराच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींना पथकर माफ झाला होता. हे निर्णय वेगवेगळ्या कचेऱ्यांतून निघाले. परंतु त्यांच्यामागील नीती एकच आहे.

दिवसातून चार बस बदलणाऱ्या घरकामगार स्त्रीला या वाढीपायी रोज किमान वीस रुपये, म्हणजे पंचवीस दिवसांच्या महिन्यात पाचशे रुपये अधिक मोजावे लागतात. ते नसतील तर तिने पायी चालावे, आणि चालताना इतरांच्या मोटारींचा धूर छातीत भरून घ्यावा!

भाडेवाढीचे समर्थन ‘बेस्ट तोट्यात आहे’ या एका वाक्यात केले जाते. अग्निशमन दल तोट्यात आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही. मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला सागरी किनारा मार्ग महापालिकेने १३ हजार कोटींहून अधिक रुपये खर्चून बांधला. तेथे पथकर नाही. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना मज्जाव आहे. त्या रस्त्याचा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. बसला दिला तो पैसा अनुदान आणि मोटारीला दिला तो विकास, या भेदाला अर्थशास्त्रात आधार नाही. तो आधार वर्गीय हितसंबंधांतच शोधावा लागतो.

आता पर्यावरणाच्या नावाने हाच पक्षपात नव्याने रुजत आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार विजेवरील मोटारींना अटल सेतूवर पथकर माफ आहे. ही मोटार धूर सोडत नाही हे खरे. पण रस्त्यावरील जागा ती तेवढीच अडवते. विजेवरील बस याहून कितीतरी हितावह. परंतु बेस्टने त्या मुख्यतः कंत्राटदारांकडून भाड्याने घेतल्या. कंत्राटी चालकांचे वेतन कायम चालकांच्या मानाने पुष्कळ कमी आहे. ऑगस्ट २०२३ मधील त्यांचा संप वेतनवाढीसाठीच होता. हवा शुद्ध ठेवण्याचा खर्च चालकाच्या पगारातून वसूल करणे, याला न्याय म्हणता येत नाही.

वाहनांची नव्हे, माणसांची ने-आण हे सूत्र केंद्र सरकारने २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच मान्य केले आहे. मुंबईने तर ७ ऑगस्ट १९४७ रोजी खाजगी कंपनीकडून ही सेवा लोकांच्या मालकीची करून घेतली होती. तो वारसा टिकवायचा तर मागण्या स्पष्ट हव्यात: भाडेवाढ रद्द करा; मोटारींकडून रस्त्याचे आणि वाहनतळाचे खरे मोल वसूल करून ते बससेवेस द्या; प्रमुख रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका राखा; बस बेस्टच्या मालकीच्या आणि कामगार कायम असू द्या.

बसथांब्यावर ताटकळणारा माणूस संघटित नाही, म्हणूनच त्याच्या खिशात हात घालणे सोपे जाते. कार्यकर्त्यांनी कामाचा आरंभ त्या थांब्यापासूनच केला पाहिजे.