अडुळसा बाटलीत गेला की औषध?

सर्दी झाली की सरळ डॉक्टरांकडे जावं, गोळ्यांचा कोर्स पुरा करावा आणि पाल्याचे काढे रानातच राहू द्यावेत, असं सिल्वासातल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी अलीकडे चारचौघांत ठणकावलं. खडोलीसारख्या गावांत माणसं अजून पाला उकळून पितात ती विज्ञान ठाऊक नसल्यामुळे, काढा म्हणजे गरिबीची खूण, आणि काढ्यात चार दिवस गेले की दुखणं बळावतं, एवढंच त्यांचं म्हणणं. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला चीड आली.

गरिबीचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: आलं-गवती चहा घातलेला चहा सर्दीच्या दिवसांत बंगल्यांतही उकळतो.

विज्ञानाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. परसातला अडुळसा, ज्याला इथले गुजराती शेजारी अरडूसी म्हणतात, त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं अल्कलॉइड असतं. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं आणि 1960च्या दशकात बाजारात आलं. शरीरात गेल्यावर ब्रोमहेक्झिनपासून जो पदार्थ बनतो, त्यालाच अँब्रॉक्सॉल म्हणतात. आज खोकल्याच्या कितीतरी सिरपांच्या लेबलांवर या दोहोंपैकी एक नाव सापडेल. म्हणजे वारली किंवा कोकणा बाईनं पान खुडलं तर अज्ञान, आणि त्याच पानावरून सुचलेलं रसायन बाटलीत भरून विकलं तर विज्ञान! या गृहस्थांनी कधी त्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली आहेत का? पानातलं प्रमाण मोजलेलं नसतं, बाटलीतलं असतं. हा फरक खरा आहे आणि मला मान्य आहे. व्हॅसिसीनचा गर्भाशयावर परिणाम होतो, म्हणून गरोदर बाईनं अडुळसा घेऊ नये, हेही सांगितलं पाहिजे. पण प्रमाणाविषयी सावध राहा म्हणणं वेगळं आणि पिणाऱ्याला अडाणी ठरवणं वेगळं.

आता तो ‘कोर्स’. साधी सर्दी विषाणूंमुळे होते, बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसमुळे, आणि त्याचे 160हून अधिक प्रकार आहेत. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा झाला की लोक घाबरतात, पण तो रंग शरीराच्या पांढऱ्या पेशींचा असतो. तेवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. गोळ्यांनी गेली असं वाटतं ते त्यामुळेच. हाच न्याय काढ्यालाही लागतो, मी तो टाळत नाही. फरक इतकाच की गावोगावी विनाकारण गिळलेली अँटिबायोटिक्स जिवाणूंना निगरगट्ट करतात, आणि मग खरा न्यूमोनिया झालेल्या पोराला तीच गोळी लागू पडत नाही. खडोलीच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्याचा खाडा झाला की मजुरी बुडते. तो चिठ्ठीशिवाय दुकानातून पट्टी आणतो, हे मी समजू शकतो. त्याला शहाणपण म्हणून मिरवणारा सुशिक्षित माणूस मला समजत नाही.

लहान मुलांच्या सिरपांबद्दल तर बोलायलाच नको. 2022मध्ये गांबियात आणि 2025मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपामुळे मुलं दगावली. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं आपल्याच देशात 2023च्या अखेरीस बजावलं गेलं.

काढ्याच्या भक्तांशीही माझं जुनं भांडण आहे. 2020मध्ये काढ्याला कोरोनाचं औषध ठरवून लोकांना दिवसातून पाच-पाच वेळा मिरी-सुंठ पाजणाऱ्यांनी काढ्याचंच नाव घालवलं. पोटात आग पडलेली माणसं तेव्हा मी पाहिली आहेत. आजचे हे विरोधक त्याच अतिरेकाचा दाखला देतात, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

मग मी कशाची बाजू घेतो? तुळस, आलं, गवती चहा यांचं कोमट पाणी, कोमट मिठाच्या गुळण्या, आराम आणि खोकल्याला चमचाभर मध. वर्षाखालील बाळाला मध अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो. तान्ह्याजवळ कापराची पुरचुंडी ठेवू नये, कापूर पोटात गेला तर झटके येतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला धरून वाफ देऊ नये, भाजण्याची भीती फार. या घरगुती उपायांनी सर्दी बरी होत नाही, घसा निवतो आणि झोप लागते. आठवडाभर तेवढं पुरतं.

काढ्यात वेळ जातो, या आक्षेपाला उत्तर घरातल्या घड्याळात आहे. मूल शांत असताना त्याचं पोट वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, तर काढा तिथेच ठेवून त्याला थेट सिल्वासाच्या रुग्णालयात न्यावं. दोन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर मोजत बसू नये, लगेच निघावं. खडोलीच्या आयांना हे मोजायला शिकवलं तर त्या शिकतील. अडुळसा ओळखायला त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं.