दातांच्या दोन रांगा

2024 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या सेंट पॉल्स या वस्तीत बंद पडलेला एक दातांचा दवाखाना पुन्हा उघडला. नॅशनल हेल्थ सर्व्हिसचे, म्हणजे सरकारी योजनेतले रुग्ण आम्ही घेऊ, एवढेच त्याने जाहीर केले होते. दारात शेकडो माणसांची रांग लागली आणि ती आवरायला पोलिसांना यावे लागले. रॉकेलच्या आणि रेशनच्या रांगांत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्या पिढीला रांगेचे नवल नाही. पण ज्यांनी आपल्याला रांगेत उभे राहण्याची शिस्त शिकवली असे आपण मानतो, त्या साहेबाच्या देशात दाढ दाखवायला पोलीस बंदोबस्त लागावा, याचे नवल वाटल्यावाचून राहिले नाही.

हे एका शहरापुरते नव्हते. 2022 मध्ये बीबीसीने देशभर पाहणी केली, तेव्हा सरकारी योजनेतल्या दहापैकी नऊ दवाखान्यांत नव्या प्रौढ रुग्णाला प्रवेश नव्हता.

त्याच देशात दुसरीही एक रांग आहे. ती रस्त्यावर दिसत नाही, म्हणून तिची छायाचित्रे छापून येत नाहीत. ती आहे दंतवैद्यांची. भारत, पाकिस्तान, इजिप्त अशा देशांत शिकलेले आणि आपापल्या गावी वर्षानुवर्षे दाढा काढलेले हे डॉक्टर तिथे परवान्याच्या परीक्षेची वाट पाहत बसले आहेत. त्यांत माझी एक भाची आहे.

भाची बी.डी.एस. झाली. चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप. नाशकात सहा वर्षे स्वतःचा दवाखाना चालवला. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे लेस्टरला गेली. आज ती तिथल्या एका दवाखान्यात शिकाऊ सहायिका आहे. डॉक्टरच्या हातात हत्यारे द्यायची, रुग्णाच्या तोंडातले पाणी ओढून घ्यायचे. ‘‘मामा, समोरचा डॉक्टर कुठे चुकतोय ते मला दिसतं, पण बोलायची सोय नाही,’’ असे ती फोनवर म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते जास्त लागले.

ही परीक्षा म्हणजे काय, ते थोडे सांगितले पाहिजे. तिचे नाव ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झॅमिनेशन. जनरल डेंटल कौन्सिल ही तिथली नियामक संस्था ती 2007 पासून घेते. आधी इंग्रजीचा दाखला द्यावा लागतो. आयईएलटीएसमध्ये एकूण सात आणि कुठल्याही भागात साडेसहाच्या खाली नाही. मग पहिला भाग लेखी, संगणकावर, तीन-तीन तासांचे दोन पेपर. दुसरा भाग प्रत्यक्षाचा. त्यात एक कृत्रिम मुंडके समोर असते, त्याच्या जबड्यात प्लॅस्टिकचे दात. ते कोरायचे, भरायचे, कॅपसाठी तासायचे. प्लॅस्टिकचा दात खऱ्यासारखा लागत नाही. तो ना ओरडतो, ना रक्त काढतो, पण शेजारच्या दाताला ओरखडा गेला की परीक्षकाला तो दिसतोच. हजारो खऱ्या दाढा हाताळलेल्या माणसाला या खोट्या दातांचा सराव मुद्दाम करावा लागतो. भाचीने त्यासाठी स्वयंपाकघराच्या टेबलाला एक जबडा पकडीने अडकवून ठेवला आहे. नवरा म्हणतो, पोळ्या लाटताना तो आपल्याकडे बघत असतो.

दुसऱ्या भागात आणखी एक प्रकार असतो, तो मला फार आवडला. रुग्णाचे सोंग घेतलेला माणूस समोर येतो. त्याला आपले नाव सांगायचे, त्याचे ऐकून घ्यायचे, उपचाराचे पर्याय, धोके, खर्च समजावून संमती घ्यायची. कधी तो चिडलेला असतो, कधी त्याला वाईट बातमी द्यायची असते. आपल्याकडचा शिरस्ता वाचकांना ठाऊकच आहे: ‘‘आ करा... हं... रूट कॅनाल लागेल, बाहेर रिसेप्शनला विचारा.’’ भाची म्हणते, हात माझा तयार होता, तोंड तयार करायला दोन वर्षे लागली. तेव्हा ही परीक्षाच नको, असे मी म्हणणार नाही. परक्याच्या तोंडात सुई घालणाऱ्याला तपासून घेण्याचा हक्क कुठल्याही समाजाला आहे. परदेशात दंतवैद्यक शिकून आलेल्यांची चाळणी परीक्षा आपणही घेतोच.

माझे म्हणणे वेगळे आहे. ब्रिटनमध्ये आज परीक्षा कठीण असण्यापेक्षा परीक्षेला बसायला मिळणे कठीण आहे. करोनामुळे 2020 साली ही परीक्षा बंद पडली, ती 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर तुंबलेले उमेदवार हजारांत गेले होते. बुकिंग ऑनलाइन, जागा उघडतात आणि काही मिनिटांत संपतात. गणपतीत कोकण रेल्वेचे तिकीट काढून पाहिलेल्यांना याहून जास्त समजावणे नलगे. पुढे 2023 मध्ये पहिल्या भागाच्या जागा तिपटीने वाढवल्या. उत्तम. पण दुसऱ्या भागाला मुंडकी लागतात, खुर्च्या लागतात, परीक्षक लागतात. तिथे एका खेपेस दीडशेच्या आसपास उमेदवार. पाणी येण्याची वाट रुंद केली आणि मोरी तेवढीच ठेवली, तर काय होईल ते घर चालवणारी कोणीही बाई सांगेल. शिवाय घड्याळ चालू असते. पहिल्या भागाला प्रथम बसल्यापासून पाच वर्षांत दुसरा भाग सुटला पाहिजे, आणि प्रत्येक भागाला संधी फक्त चार.

ज्या कायदेबदलाने 2023 च्या मार्चमध्ये कौन्सिलला परीक्षेच्या नियमांत मोकळीक दिली, त्यानेच एक मागचे दारही लावून घेतले. तोवर परदेशी दंतवैद्याला आपल्या पदवीवर निदान थेरपिस्ट किंवा हायजिनिस्ट म्हणून नोंदणी मागता येत असे. ते बंद झाले. उलट पोलंड, रुमानिया अशा युरोपीय देशांत पदवी घेतलेल्यांना ही परीक्षाच नाही. ब्रेक्झिटनंतरही ती सवलत चालू ठेवली गेली. दाढेची मुळे बुखारेस्टमध्ये आणि नाशकात वेगळी नसावीत.

बँकेत जन्म गेल्यामुळे माझे लक्ष आकड्यांकडे जाते. दुसऱ्या भागाची फी 2024 मध्ये चार हजार पौंडांच्या वर होती, म्हणजे चार लाख रुपयांहून अधिक, एका खेपेची. सरावाचे वर्ग, हत्यारे आणि लंडनचा मुक्काम वेगळा. याला शैक्षणिक कर्ज मिळत नाही, कारण त्यासाठी संस्थेत प्रवेश लागतो, आणि इथे प्रवेशपत्र असते, प्रवेश नसतो. मग आईच्या पाटल्या गहाण पडतात किंवा बापाची मुदत ठेव मोडते. तारण ठेवण्याजोगी खरी वस्तू म्हणजे त्या मुलीची बोटे. पण दोन-तीन वर्षे काम नसले की त्यांचाही भाव उतरतो. आपल्याकडे तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये, त्यांतली बरीचशी खासगी. शहरात एकाच रस्त्यावर चार पाट्या आणि तालुक्याच्या पुढे एकही नाही, म्हणून मुले बाहेर पाहतात. त्यांना दोष कसा द्यावा?

आता एवढी मुले उद्या परवाने घेऊन आली तर ब्रिस्टलची रांग संपेल का? मला तसे वाटत नाही. 2006 पासून तिथे सरकारी कामाचा मोबदला युनिटांच्या हिशेबाने मिळतो. कित्येक वर्षे एक दात भरला काय आणि पाच भरले काय, डॉक्टरला युनिटे सारखीच. ज्याची बत्तिशी सर्वांत बिघडलेली, तो रुग्ण सर्वांत तोट्याचा. पुढे 2022 च्या अखेरीस यात थोडी सुधारणा झाली, तरी खासगीकडे वळणारे डॉक्टर वळतच राहिले. असा धंदा तिथला तरुण सोडतो, तेव्हा परदेशी माणसाने तो मुकाट्याने करावा अशी सोयीस्कर अपेक्षा असते. ‘पाहुण्याच्या हातून साप मारायचा’ म्हणतात ते हेच.

फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या सरकारने तात्पुरत्या नोंदणीचा प्रस्ताव चर्चेला ठेवला. परीक्षेआधीच परदेशी दंतवैद्याने नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करायचे, असा तो विचार. कल्पना शहाणपणाची आहे. प्रश्न व्यवहाराचा आहे: देखरेख करणाऱ्या डॉक्टरच्या वेळेचे पैसे कोण देणार, आणि ज्या गावांत डॉक्टरच नाही तिथे देखरेख कोण करणार? भाचीला हे विचारले, तर ती हसली. तिच्या पाच वर्षांतली तीन संपली आहेत. दुसऱ्या भागाचे बुकिंग पुन्हा उघडेल त्या दिवशी ती, नवरा आणि दीर असे तिघे तीन संगणकांसमोर बसणार आहेत.