गिरणीचा खर्च गावाच्या खाती

शेतातली माणसे कारखान्यात गेली की देश पुढे जातो, हे सूत्र आपल्या अर्थचर्चेत आता कुणी तपासूनही पाहत नाही. 2023-24 मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे 46 टक्के लोक शेतीत होते आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. शेतीवरचा भार हलका व्हायला हवा, हे खरेच. पण शेतकऱ्याचा कामगार होताना त्याच्या आजारपणाचा, म्हातारपणाचा आणि मुलाबाळांचा खर्च कोणी उचलायचा, हे त्या सूत्रात कुठेच येत नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांपुरते उत्तर स्पष्ट आहे. तो मुख्यतः गावाने उचलला, आणि गावात त्याचा मोठा वाटा बायकांच्या अंगावर पडला.

कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, तेव्हा ग्रामीण महाराष्ट्रातल्या शेतीचे गणित बदलू लागले होते. सारा रोखीत भरायचा होता आणि रोख पैसा सावकाराकडे होता. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 नंतर कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. त्या चढउतारात वाढलेल्या कर्जाचा राग 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांचे रोखे जाळून बाहेर पडला. कोकणात जमीन तुटपुंजी, त्यात खोताचा वाटा. अशा घरातला एक तरणा माणूस मुंबईला जाई, तो जमीन सोडण्यासाठी नव्हे, राखण्यासाठी. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीतून सारा भरला जाई, कर्जाचे व्याज फिटे.

मुंबईत त्याचा दिवस सूर्यावरून भोंग्यावर आला. 1881 च्या कारखाना कायद्याने मुलांच्या कामाचे तास बांधले, पण प्रौढांच्या तासांना हातही लावला नाही. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून लावून धरलेली साप्ताहिक सुटी 1890 मध्ये मिळाली. गिरणीतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा यायला 1911 उजाडले. पगार एकट्या माणसाला पुरेल इतपत. 1921 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या, याचे एक मोठे कारण हेच. पुरुष एका खोलीत दाटीवाटीने राहत, पाळीप्रमाणे झोपत आणि खानावळीत जेवत. गावी बायको लावणी-कापणी करी, सासू-सासऱ्यांचे पाही, पोरे वाढवी. गिरणीतून थकून, खोकत परतलेल्या माणसाला अंथरूण तिथेच मिळे. म्हणजे नवा कामगार वाढवायचा आणि जुना पोसायचा, ही दोन्ही कामे गिरणीच्या जमाखर्चात न दिसता होत राहिली. हे राज्यकर्त्यांना कळत नव्हते असे नाही. मजूरविषयक शाही आयोगाने 1931 च्या अहवालात कामगाराचा गावाशी असलेला धागा तोडू नये, उलट तो टिकवावा अशीच शिफारस केली. कामगार विम्याचा कायदा 1948 मध्ये झाला, भविष्यनिर्वाह निधीचा 1952 मध्ये. पहिल्या गिरणीनंतर जवळपास शंभर वर्षे गाव हाच विमा आणि गाव हेच पेन्शन होते.

यावर पहिला आक्षेप असा की, गावाचे इतके गुणगान कशाला? तिथे खोत होता, वेठ होती, जातीचा जाच होता, मुंबईने त्यातून सुटका केली. हे बरेचसे खरे आहे, आणि दलितांच्या चळवळीला गिरणगावाने दिलेले बळ नाकारता येणार नाही. मात्र सुटका अर्धवट होती. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून अस्पृश्य कामगारांना त्या चांगल्या पगाराच्या खात्यातून दूर ठेवले जाई. शिवाय मुद्दा गाव चांगले होते हा नाहीच. ते फुकट राबले हा आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावाच्या आधारामुळेच कामगार मालकाशी भांडू शकला, 1928 चा संप सहा महिने चालला. तेही मान्य. पण 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा त्या आधाराची मर्यादाही कळली. तुकडे पडलेली शेती काही महिने तग धरायला पुरते. बंद पडलेल्या गिरण्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

हा इतिहास अजून संपलेला नाही. 2020 च्या टाळेबंदीत लाखो मजूर गावाकडे चालत निघाले आणि सरकारी पाहणीत शेतीतल्या रोजगाराचा वाटा एका वर्षात 42.5 वरून 45.6 टक्क्यांवर गेला. कंत्राटी कामगाराच्या वेतनात शहरातल्या घराचे भाडे आणि पोरांची शाळा आजही बसत नाही, त्यामुळे त्याचे अर्धे कुटुंब गावीच राहते. फरक एवढाच की आता गावाची शेती आणखी लहान झाली आहे, आणि ती कसणाऱ्या बहुतेक बायकांचे नाव सातबाऱ्यावर नाही. म्हणून नव्या औद्योगिक धोरणाने गुंतवणूक आणि नोकऱ्यांच्या आकड्यांबरोबर आणखी एक हिशेब द्यावा: किती कामगारांना कुटुंबासह शहरात राहण्याजोगे वेतन, परवडणारे भाड्याचे घर आणि आजारपण-म्हातारपणाची तरतूद मिळाली. तो दिला नाही, तर उद्योगाचा नफा शहरात आणि खर्च गावात ही दीडशे वर्षांची रीत आपण विकास म्हणून पुढे चालवू.