विश्लेषण : फोनमधला हेडफोन जॅक गेला, सोबत रेडिओही गेला का? हर्णेसारख्या बंदरात हा प्रश्न का महत्त्वाचा?

नवा स्मार्टफोन घेतला की अनेकदा त्याला इअरफोन लावायचं गोल भोकच नसतं. शहरांत यावर ब्लूटूथ इअरबड्सचा उपाय रुळला. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णेसारख्या मासेमारी बंदरात प्रश्न फक्त गाण्यांचा नाही. मोबाइल नेटवर्क बंद पडलं तरी चालू शकणारा फोनमधला एफएम रेडिओ याच जॅकवर अवलंबून असतो.

जॅक काढला कशासाठी?

३.५ मिलिमीटरचा हा जॅक टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या, जाड पिनेचं लहान रूप आहे. त्या पिनेचा इतिहास एकोणिसाव्या शतकापर्यंत जातो. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून जॅक काढला. काही अँड्रॉइड फोन आधीच जॅकशिवाय आले होते, पण ॲपलनंतर ही लाटच आली. आत जागा मिळते आणि पाण्यापासून बचाव सोपा होतो, ही कारणं दिली गेली. मात्र त्याच वर्षी आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस ७ जॅक असूनही पाण्यात टिकणारा होता. म्हणजे जॅक काढणं ही तांत्रिक सक्ती नव्हती, कंपन्यांची निवड होती. त्याच सुमारास वायरलेस इअरफोनची मोठी बाजारपेठही उभी राहिली.

रेडिओचा आणि इअरफोनचा संबंध काय?

भारतात एफएम प्रसारण साधारण ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर होतं. या लहरींची लांबी सुमारे तीन मीटर असते. त्या नीट पकडायला लांबीच्या चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास अँटेना लागते. एवढी अँटेना फोनच्या आत मावत नाही. म्हणून इअरफोनची वायरच अँटेनाचं काम करते. फोनवर रेडिओ लावताना ‘हेडफोन जोडा’ अशी सूचना येते ती यामुळेच. ब्लूटूथ इअरफोनला वायरच नसल्याने तो हे काम करू शकत नाही.

हर्णेत अडचण कुठे येते?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्याचा मोठा फटका शेजारच्या दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही बसला. हर्णे दापोली तालुक्यातच येतं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल टॉवर बंद पडले आणि कित्येक गावांचा संपर्क काही दिवस तुटला.

अशा वेळी व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि आकाशवाणीचं ॲपसुद्धा निरुपयोगी ठरतं, कारण या सगळ्यांना इंटरनेट लागतं. २०२३ मध्ये सरकारने मोठ्या आवाजात वाजणाऱ्या आपत्कालीन संदेशांची चाचणी घेतली. ते संदेशही टॉवरमार्फतच येतात. एफएमला मात्र ना टॉवर लागतो ना डेटा. दूरचं प्रसारण केंद्र चालू असेल आणि त्याच्या लहरी गावापर्यंत पोहोचत असतील, तर फोनवर बातम्या ऐकता येतात.

सरकारने यात काही केलं का?

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये मोबाइल उद्योगाच्या संघटनांना सूचना पाठवली. फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद करू नये, आणि नसेल तर ती देण्याचा प्रयत्न करावा, असं त्यात म्हटलं होतं. आपत्तीच्या काळात रेडिओ उपयोगी पडतो, हे त्यामागचं एक कारण होतं. पण ही सूचना होती, सक्ती नव्हे. शिवाय तिचा भर एफएमवर होता. फोनमध्ये एफएम चालू असूनही वायर जोडायला जागा नसेल, तर ऐकणाऱ्याला फायदा होत नाही.

मग ग्राहकाने काय करावं?

पहिली गोष्ट, फोन घेण्याआधी दुकानातच दोन प्रश्न विचारा: जॅक आहे का आणि एफएम आहे का? कमी किमतीच्या अनेक फोनमध्ये दोन्ही अजून मिळतात.

दुसरी गोष्ट कन्व्हर्टरची. टाइप-सी ते ३.५ मिलिमीटर कन्व्हर्टर दोन प्रकारचे असतात. साध्या कन्व्हर्टरमध्ये फक्त वायर असते आणि तो ठरावीक फोनवरच चालतो. दुसऱ्यात डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप असते आणि तो बहुतेक टाइप-सी फोनवर चालतो. पण त्यावर गाणी ऐकू आली म्हणून एफएमही लागेल असं नाही, कारण अँटेनाची जोडणी फोनमध्येच असावी लागते. म्हणून दुकानातच रेडिओ लावून पाहा.

तिसरी गोष्ट, कन्व्हर्टर लावला की चार्जिंगचं तोंड अडतं. वीज नसताना पॉवर बँकेवर फोन चार्ज करायचा की रेडिओ ऐकायचा, असा पेच पडू शकतो. दोन्ही एकत्र जोडता येतील असे कन्व्हर्टर मिळतात.

आणि चौथी, घरात सेलवर चालणारा एक छोटा ट्रान्झिस्टर ठेवा. त्यावर एफएमसोबत मध्यम लहरींवरची आकाशवाणी केंद्रंही लागतात. ती फोनवर लागत नाहीत. आपल्या घरात कोणतं केंद्र स्वच्छ ऐकू येतं ते आधीच तपासून सेटवर आकडा लिहून ठेवा. वारा सुटल्यावर केंद्र शोधत बसायला वेळ मिळत नाही.