लेखणीचा खंड आम्ही का भरावा?



जिल्हा बैठकीच्या खर्चपत्रकात पेट्रोल, मंडप आणि पत्रके यांच्याखाली अलीकडे एक ओळ येऊ लागली आहे : 'कॉम्प्युटर सॉफ्टवेअर, वार्षिक नूतनीकरण.' मंडपाच्या बिलावर अर्धा तास भांडणारे कार्यकर्ते या ओळीवरून मुकाट पुढे सरकतात. कॉम्प्युटरमधले आपल्याला काय कळते! पण 'आपल्याला काय कळते' असे म्हणत म्हणतच काट्यावर, प्रतवारीत आणि कर्जखात्यात शेतकरी पिढ्यानपिढ्या नागवला गेला. म्हणून या एका ओळीचा हिशेब आम्ही इथे मांडतो आहोत.

हिशेब क्विंटलात

निवेदन, ठराव, सभासदांची यादी, उत्पादनखर्चाचा तक्ता ही कामे बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या वर्ड आणि एक्सेलवर होतात. पूर्वी ते एकदा विकत घेतले की वर्षानुवर्षे चाले. एकरकमी पैशांची प्रत आजही मिळते, पण कंपनीचा सारा जोर वार्षिक वर्गणीवर आहे. एका माणसाच्या घरगुती वापराची वर्गणी भारतात वर्षाला ४,८९९ रुपये होती. २०२५ च्या सुरुवातीला ती ६,८९९ झाली. एका फटक्यात चाळीस टक्के! कारण काय, तर कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस सोबत दिला. तो हवा का, असे आधी कोणी विचारले नाही. ऑस्ट्रेलियातही अशीच वाढ झाली. तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला कोर्टात खेचले. आरोप असा, की वाढीव दर भरा नाहीतर वर्गणी बंद करा एवढेच ग्राहकांना सांगितले आणि मदतनीस नसलेला जुन्या दराचा पर्याय झाकून ठेवला.

आता हे आपल्या मापाने मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि मालदांडी ज्वारीला ३,७४९ रुपये हमीभाव जाहीर केला. म्हणजे एका संगणकाची वर्षाची वर्गणी क्विंटलभर कापसाला थोडी कमी, किंवा पावणेदोन क्विंटलांहून जास्त ज्वारी. तेही माल हमीभावाने विकला गेला तर! जिल्ह्यात पाच तालुका कार्यालये आणि प्रत्येक ठिकाणी दोन संगणक धरा. रक्कम होते ६८,९९० रुपये, जवळजवळ नऊ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकले तर हे दोन एकरांचे सगळे पीक झाले, आणि त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणीचा खर्च अजून वजा केलेला नाही. संस्थांचे दर वेगळे असतात, पण दरसाल भरायचे हे कलम तेच.

वर्गणी संपली की काय होते? जुना कागद उघडतो, छापताही येतो. पण त्यात दुरुस्ती करता येत नाही आणि नवा लिहिता येत नाही. शब्द आपले, हिशेब आपला. लेखणी मात्र खंडाने घेतलेली.

संकरित पाकीट आणि मालदांडी

हा फरक तुम्हाला आम्ही शिकवायला नको. संकरित कपाशीचे बी घरी धरून उपयोग नाही. दुसऱ्या वर्षी पीक एकसारखे येत नाही, म्हणून दर मृगाला दुकानाची पायरी चढावी लागते. संकरित बियाण्यात ते निसर्गाच्या नियमाने घडते आणि त्याच्या बदल्यात उत्पादन तरी वाढते. मालदांडी ३५-१ ज्वारीचे तसे नाही. चांगली कणसे निवडावीत, बी राखावे, शेजाऱ्याला पायलीभर द्यावे. कोणाची परवानगी लागत नाही. सॉफ्टवेअरची पुढच्या वर्षी उगवण कमी होत नाही. तिथे दरसालचे पाकीट कंपनीच्या मर्जीने आहे.

सॉफ्टवेअरमध्येही मालदांडी आहे. तिचे नाव लिब्रेऑफिस. तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. स्टारऑफिस नावाचे एका जर्मन कंपनीचे सॉफ्टवेअर होते. १९९९ मध्ये सन या अमेरिकी कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि पुढे ते ओपनऑफिस या नावाने जगाला खुले केले : वापरा, बदला, वाटा. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या ताब्यात गेली. नवा मालक काय करील याचा भरवसा न वाटल्याने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच वर्षी आपली वेगळी संस्था उभारली आणि तेच बी घेऊन लिब्रेऑफिस सुरू केले. त्यांना कोणी अडवू शकले नाही, कारण परवाना खुला होता. कंपनी विकली गेली, वाण लोकांकडे राहिला.

यात पत्र लिहिण्यासाठी रायटर आहे आणि तक्त्यांसाठी कॅल्क. किंमत शून्य. वर्गणी नाही, नूतनीकरण नाही. मेनूसुद्धा मराठीत करून घेता येतात. एकदा उतरवून पेनड्राईव्हवर घेतले की तालुक्यातल्या सगळ्या संगणकांवर बसवता येते, आणि त्यात चोरी नाही. बाजारात शे-दोनशेत बसवून मिळणारी कंपनीच्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत मात्र कोणी घेऊ नये. ती बेकायदा आहे, तिच्यातून व्हायरस येतो, आणि उद्या आंदोलन पेटले की आपल्या कार्यालयावर धाड घालायला आयते निमित्त होते.

आक्षेप ऐकून घेऊ

पहिला आक्षेप : सरकारी कार्यालय वर्डचीच फाईल मागते. लिब्रेऑफिस वर्डची फाईल उघडते आणि त्या स्वरूपात जतनही करते. मोठा तक्ता किंवा किचकट मांडणी असेल तर ओळी सरकतात, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे जे फक्त वाचायचे आहे ते पीडीएफ करून पाठवावे. एक्सेलमध्ये कोणी खास स्वयंचलित आज्ञा लिहून ठेवल्या असतील तर त्या नीट चालतीलच असे नाही. असा एखादा तक्ता असेल तर तेवढा एक संगणक वेगळा ठेवा. त्यासाठी दहांची वर्गणी कशाला?

दुसरा आक्षेप : गूगलचे फुकट आहे की. आहे. वापरायला हरकत नाही. पण ते कागद आपल्या कपाटात नसतात, कंपनीच्या कोठारात असतात. फुकटची जागा १५ जीबी, तीही मेल आणि फोटोंसकट. सभासदांचे फोन नंबर, जमिनीचे आकडे, कर्जाची माहिती यांची एकमेव प्रत तिथे ठेवू नये. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे. मायक्रोसॉफ्ट ना-नफा संस्थांना आपले एक वरच्या दर्जाचे पॅकेज दहा माणसांपुरते मोफत देत होती. ती सवलत तिने जुलै २०२५ पासून नूतनीकरणाच्या वेळी काढून घ्यायला सुरुवात केली. देणाऱ्याचा हात आखडला की घेणाऱ्याला बोलायला जागा नसते.

तिसरा आक्षेप : हे कोणी वापरते तरी का? केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आली आहेत. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपल्या सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. श्रीमंत देशातले सरकार खंड वाचवते आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या कार्यालयाने तो भरावा, हा कुठला न्याय?

खरा प्रश्न दप्तराचा

पैशाहून मोठी गोष्ट दप्तराची आहे. जुन्या फाँटात टाइप केलेले मराठी कागद दुसऱ्या संगणकावर उघडले की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण त्या फाइलीत मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षराला मराठी सोंग दिलेले असते. तो फाँट गेला की वीस वर्षांचे ठराव गेले. युनिकोडमध्ये 'क' हा सगळ्या यंत्रांवर 'क'च असतो. उत्पादनखर्च काढून भाव मागणाऱ्या चळवळीला जुने आकडे दाखवता आले नाहीत, तर तिचे म्हणणे कोण ऐकणार? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. मग शेतकऱ्याकडून एका कंपनीच्याच साच्यातली फाईल मागणारे कार्यालय कोणाची वसुली करते?

बैठकीपुढे ठराव

१. सॉफ्टवेअरच्या वार्षिक नूतनीकरणाचे कलम पुढील खर्चपत्रकातून काढावे. मुदत संपेल तसे एकेका तालुक्यात लिब्रेऑफिस बसवावे.

२. नवे सर्व मराठी लिखाण युनिकोडमध्येच करावे. जुने ठराव आणि खर्चाचे तक्ते युनिकोडमध्ये उतरवण्याचे काम प्रत्येक तालुक्यातल्या दोन शिकल्या मुला-मुलींकडे सोपवावे आणि त्याचा मोबदला वाचलेल्या वर्गणीतून द्यावा.

३. दप्तराच्या दोन प्रती असाव्यात : एक कार्यालयात, एक दुसऱ्या गावी.

४. कृषी, महसूल आणि सहकार खात्यांनी कोणत्याही एका कंपनीच्या फाइलीची सक्ती करू नये, अशी लेखी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी.

ही मागणी आपण लिब्रेऑफिसवर लिहावी, पीडीएफ करावी आणि पोचपावती घ्यावी. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने दोन आकडे आणावेत : किती संगणक, आणि गेल्या साली किती वर्गणी. बेरीज सर्वांसमोर फळ्यावर करू.