चौथ्या नंबरचं पदक

मुलांनो,

परवा वर्गात मी कर्लिंग या खेळाची चित्रं दाखवली. बर्फाच्या लांब पट्टीवरून सुमारे २० किलो वजनाचा, वर मूठ बसवलेला दगड सरकवत सोडायचा. पलीकडे वर्तुळं आखलेली असतात. ज्याचा दगड मध्याच्या जास्त जवळ, त्याला गुण. आणि गंमत पुढेच आहे! दगड सरकत असताना खेळाडू त्याच्यापुढचा बर्फ ब्रशने भराभर घासतात. त्यामुळे घर्षण कमी होतं आणि दगड जास्त लांब, जास्त सरळ जातो.

मग मी सांगितलं, की या खेळातही एक खेळाडू उत्तेजक चाचणीत सापडला होता. लगेच एकाने विचारलं, "बाई, झाडू मारायला कशाला हवं औषध?" सगळा वर्ग हसला.

हसू मलाही आलं, पण गोष्ट खरी आहे. २०१८ साली दक्षिण कोरियात प्याँगचांग इथे हिवाळी ऑलिंपिक झालं. कर्लिंगच्या मिश्र दुहेरीत अलेक्सांद्र क्रुशेल्नित्स्की आणि अनास्तासिया ब्रिझगालोवा या रशियन नवरा-बायकोने नॉर्वेच्या जोडीला ८-४ असं हरवून ब्राँझपदक जिंकलं. काही दिवसांनी अलेक्सांद्रच्या तपासणीत मेल्डोनियम सापडलं. हे खरं तर हृदयरोग्यांना देण्याचं औषध. खेळाडूंना ते २०१६ पासून बंद आहे. जोर लावून बर्फ घासताना दम लागतो, आणि एका दिवसात दोन-दोन सामनेही खेळावे लागतात, बरं का!

"मी जाणूनबुजून काही घेतलं नाही," असं त्याचं म्हणणं होतं. तरी पदक गेलं आणि त्याच्यावर चार वर्षांची बंदी आली. अनास्तासियाच्या तपासणीत काहीच सापडलं नव्हतं. पण जोडीचं पदक, म्हणून तिचंही गेलं.

आता तुम्ही विचाराल, "बाई, एखाद्याने खरंच चुकून घेतलं असेल तर?"

तसंही घडलंय. २००२ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये ॲलन बॅक्स्टर हा स्कॉटलंडचा खेळाडू स्कीइंगमध्ये तिसरा आला. ब्रिटनला या खेळात तोवर ऑलिंपिकचं एकही पदक मिळालं नव्हतं. केवढा आनंद झाला असेल! पण त्याचं नाक चोंदलेलं होतं, म्हणून त्याने तिथल्या दुकानातून व्हिक्स इनहेलर घेतला होता. घरी तो नेहमी तोच वापरायचा. मात्र नाव तेच असलं तरी अमेरिकेतल्या इनहेलरमध्ये एक वेगळा घटक होता. तपासणीत तो सापडला आणि पदक गेलं. त्याने लवादाकडे दाद मागितली. त्याचा फसवण्याचा हेतू नव्हता, हे लवादाने मान्य केलं. पदक मात्र परत मिळालं नाही.

वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. पण आता जरा चौथ्या नंबरकडे बघा. ॲलनच्या मागे ऑस्ट्रियाचा बेंजामिन राइश होता. कर्लिंगमध्ये चौथे होते नॉर्वेचे क्रिस्टिन स्कास्लिएन आणि मॅग्नस नेद्रेगोटेन. ते कुठलंही बंदी असलेलं औषध न घेता खेळले होते. समोरच्याने मुद्दाम घेतलं की चुकून, यामुळे त्यांच्या मेहनतीत काय फरक पडतो? म्हणूनच नियम सांगतो, की तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्हीच. नॉर्वेच्या जोडीला नंतर ते पदक मिळालं. पण जिंकल्याक्षणी एकमेकांना मारायची मिठी, ती कोण परत देणार?

तुमच्यापैकी कुणी शाळेच्या संघात असेल, कुणी जिल्ह्यापर्यंत खेळत असेल. कुणी ताकदीची पावडर किंवा गोळी दिली, तर आधी घरी दाखवा, डॉक्टरांना विचारा. साधं सर्दीचं औषध असलं, तरी त्यात काय आहे ते वाचा. आणि पालकहो, "सगळेच घेतात" असं मुलांसमोर चुकूनही म्हणू नका.

बिचाऱ्या अनास्तासियाचं पदक जायला हवं होतं का? वर्गात या प्रश्नावरून चांगलंच भांडण जुंपलं. तुम्हाला काय वाटतं? आज जेवताना घरी विचारून पाहा.

तुमच्या,
बाई