नळाला पाणी नाही, हंडा पुढे सरकवून काय होणार?

मंडळी, आज जरा चिडूनच लिहितोय. काका-मामांनी तांत्रिक शब्द गाळून वाचलं तरी चालेल, मुद्दा पोचेल!

मीटर, बॉयलरचे कंट्रोलर, असल्या छोट्या यंत्रांत हल्ली सर्रास लिनक्स असतं. यंत्र दर १० मिलिसेकंदांनी सेन्सर वाचतं, नोंद मेमरी कार्डावर लिहितं. मधूनच सेकंदभर गप्प होतं. लगेच आमच्या धंद्यातला ठरलेला उपाय: "प्रायॉरिटी वाढव!" नाइस उणे २० करा, नाही भागलं तर फिफो ९९. तरी अडलं तर मोठा प्रोसेसर घ्या...

अरे, पण ती प्रोसेस प्रोसेसरचीच वाट बघतेय हे ठरवलं कुणी? पीएस चालवून तिची अवस्था तर बघा! 'आर' असेल तर खुशाल शेड्यूलरशी भांडा. 'डी' असेल तर कार्डाकडून उत्तर येईपर्यंत ती झोपलेली आहे, आणि झोपलेल्याला शेड्यूलर रांगेत धरतच नाही. नळ कोरडा, आणि हा हंडा पुढे सरकवतोय! लोड अॅव्हरेजही इथे फसवतो. लिनक्स १९९३ पासून त्यात 'डी'वाल्यांनाही मोजतं. आकडा ४ आणि प्रोसेसर रिकामा, असंही होतं.

लिहिलेलं आधी मेमरीत साठतं. मूळ सेटिंगप्रमाणे उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर कर्नल ते मागच्या मागे कार्डावर उतरवू लागतो. २० टक्के भरत आले की लिहिणाऱ्यालाच थांबवतो, मग तो ९९ वाला का असेना! त्यात कार्ड आतल्या आत ब्लॉक पुसत बसलं की संपलंच. टेबलावर कोऱ्या कार्डाने सगळं छान चालतं, रखडतं ते गिऱ्हाइकाकडे.

उपाय साधा आहे. सेन्सर वाचणाऱ्या थ्रेडने कार्डाला हातच लावू नये. त्याने मेमरीतल्या बफरात टाकावं, दुसऱ्या साध्या थ्रेडने सावकाश लिहावं. पहिल्याची मेमरी एमलॉकऑलने बांधून ठेवा, नाहीतर पेज फॉल्टपायी तोही कार्डाच्या दारात बसेल. एवढं केल्यावर प्रायॉरिटीला अर्थ आहे.

२०२४ मध्ये ६.१२ कर्नलात रिअल-टाइमची सोय मूळ लिनक्समध्येच आली. आनंद आहे! पण कार्ड त्याने तसूभरही वेगवान होत नाही. बॉयलरचा दाब चढत असताना यंत्र कार्डाची वाट बघत बसलं, तर ९९ हा आकडा कुणाला वाचवणार?

पटत नसेल तर जरूर भांडा. फक्त आधी पीएस बघून या.